जोयड्याचा पाऊस, शाळेचे माप

पावसाळ्यात रोज सकाळी तालुकावार पावसाचे आकडे जाहीर होतात आणि उत्तर कन्नड जिल्ह्याच्या यादीत जोयड्याच्या नावापुढेही एक आकडा येतो. या तालुक्याचे क्षेत्रफळ एकोणीसशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे आणि वस्ती पन्नास हजारांच्या आगेमागे. पश्चिमेला गोव्याची हद्द आणि सह्याद्रीची धार, मध्ये काळी नदीचे खोरे आणि सुपा धरणाचा पसरलेला जलाशय, पूर्वेला दांडेली-हल्याळकडे हळूहळू उतरणारा प्रदेश. धारेवरचे कॅसलरॉक कर्नाटकातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत गणले जाते. उत्तरेला लागून असलेल्या खानापूर तालुक्यातल्या आमगावात 2010 साली दहा हजार मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद झाली. हल्याळच्या बाजूला सरकले की पाऊस झपाट्याने उतरत जातो. अशा मुलखाचा पाऊस एका आकड्यात सांगणे म्हणजे कोणत्याच गावाचा पाऊस न सांगणे होय. विद्यार्थ्यांनी आपल्या गावाचा पाऊस, तापमान आणि पाण्या-मातीची आम्लता मोजावी, गावागावांचे आकडे ताडून पाहावेत, ही सूचना नवी नाही. पण ती नेहमी शिक्षणाच्या अंगाने केली जाते. मुलांना विज्ञानाची गोडी लागेल, आलेख काढता येतील, असे म्हटले जाते. ते खरेच आहे. मात्र जोयड्यासारख्या ठिकाणी शाळेची नोंद ही खरी उणीव भरून काढणारी नोंद होऊ शकते आणि तिच्याकडे त्याच गांभीर्याने पाहिले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. त्याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. या तीन गोष्टी शाळेला सारख्या भरवशाने मोजता येत नाहीत. पाऊस उत्तम मोजता येतो, तापमान काळजी घेतली तर बऱ्यापैकी, आणि पावसाची आम्लता सर्वांत कमी. उपक्रमांच्या पुस्तिकांत तिन्ही एका ओळीत बसवलेल्या असतात, म्हणून हा फरक आधीच स्पष्ट केलेला बरा.

पाऊस किती थोड्या अंतरात बदलतो हे मराठी वाचकाला परके नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला 73. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढा, आणि घाट उतरून वाईला आलो की तो आणखी निम्म्याखाली येतो. समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्रीच्या भिंतीवर चढते, थंड होते, रिती होते आणि धार ओलांडल्यावर तिच्याजवळ द्यायला फारसे उरत नाही. जोयड्यात हीच क्रिया घडते, फक्त भिंत इतकी सरळ नाही. काळीच्या उपनद्यांनी कापलेल्या दऱ्या वाऱ्याला वाट देतात, एखादा डोंगर मागच्या वाडीला आडोसा देतो. पर्जन्यमापक किती असावेत याचे भारतीय मानक 1968 पासून आहे. सपाट प्रदेशात 520 चौरस किलोमीटरला एक आणि मुसळधार पावसाच्या डोंगराळ भागात 130 चौरस किलोमीटरला एक, असे ते सांगते. या हिशेबाने जोयड्याला पंधराएक मापक लागतात. पण हा हिशेब नदीच्या खोऱ्यात एकूण किती पाणी उतरले ते काढण्यासाठी आहे, म्हणजे धरणाच्या उपयोगाचा. डिग्गीच्या शेतकऱ्याच्या खाचरात किती पाऊस पडला, अणशी घाटातल्या उतारावर सलग तीन दिवसांत किती पाणी मुरले, या प्रश्नांसाठी तो केलेलाच नाही. उतारांचा प्रश्न तर या जिल्ह्यात जिवावरचा आहे. जुलै 2021 मध्ये यल्लापूर तालुक्यातल्या कळचे येथे डोंगर खचला, त्याच महिन्यात दूधसागर-करंझोळ पट्ट्यात दरडी कोसळून रेल्वे थांबली, आणि 16 जुलै 2024 रोजी अंकोला तालुक्यातल्या शिरूरला महामार्गावर दरड येऊन माणसे गेली.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: यंत्रे असताना मुले कशाला? कर्नाटकात हा आक्षेप वजनदार आहे, कारण राज्याच्या नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राने जवळपास प्रत्येक ग्रामपंचायतीत दूरसंवेदी पर्जन्यमापक बसवला आहे. राज्यभरात असे साडेसहा हजारांच्या आसपास मापक आहेत आणि ते दर पंधरा मिनिटांनी आकडा पाठवतात. देशात इतके दाट जाळे फार थोड्या राज्यांत आहे. तरीही जोयड्यातली ग्रामपंचायत म्हणजे काय हे नकाशावर पाहावे. एका पंचायतीत जंगलाने तोडलेल्या, पाच-दहा किलोमीटर अंतराने विखुरलेल्या वाड्या असतात. मापक त्यातल्या एकीतच असतो. दुसरे म्हणजे स्वयंचलित मापकात पाणी एका लहान डोलत्या पात्रात भरते, ते उलटते आणि किती वेळा उलटले ते मोजले जाते. फार जोराच्या सरीत पात्र उलटत असतानाच पाणी येत राहते आणि नोंद कमी भरते. जंगलात गाळणीवर पाने आणि किडे अडकतात, आठवडाभर ऊन नसले की सौर पट्टीवर चालणारी बॅटरी मान टाकते. म्हणजे यंत्र कमी पडण्याची शक्यता पाऊस सर्वांत जास्त असतो तेव्हाच सर्वांत अधिक. साधे नरसाळे आणि पुरेसा मोठा डबा यांत उलटणारे पात्रही नसते आणि बॅटरीही. मुलांची नोंद यंत्राची जागा घेऊ शकणार नाही, दर पंधरा मिनिटांचा पाऊस ती सांगणार नाही. पण यंत्र खरे सांगते आहे का हे पाहायला ती हवी आणि जिथे यंत्र नाही तिथे तर ती एकटीच आहे.

हौशी माणसांनी शास्त्राला उपयोगी पडेल असा पाऊस मोजला, याला मोठा इतिहास आहे. इंग्लंडमध्ये जॉर्ज सायमन्स यांनी 1860 साली 168 ठिकाणच्या नोंदी एकत्र करून छापल्या आणि 1900 साली त्यांचे निधन झाले तेव्हा ही संख्या तीन हजारांवर गेली होती. नोंद ठेवणारे बहुतेक पाद्री, डॉक्टर, शिक्षक, जमीनदार होते. सायमन्स यांचे खरे श्रेय मात्र संख्येत नाही. वेगवेगळ्या आकारांचे, वेगवेगळ्या उंचीवर ठेवलेले मापक एकाच पावसात वेगवेगळे आकडे देतात हे लक्षात आल्यावर त्यांनी ते शेजारी शेजारी ठेवून वर्षानुवर्षे तपासण्याची व्यवस्था केली. 1863 च्या सुमारास कॅल्न येथे कर्नल वॉर्ड यांच्या आवारात हे प्रयोग सुरू झाले. मापक कोणता आणि तो जमिनीपासून किती उंच, हे ठरल्यावरच देशभराची तुलना शक्य झाली. आपल्याकडे तालुक्याच्या कचेरीत पिढ्यान्‌पिढ्या उभा असलेला पर्जन्यमापक सायमन्स यांच्याच नावाने ओळखला जातो. अमेरिकेतले उदाहरण अलीकडचे आहे. 28 जुलै 1997 रोजी कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स शहराच्या पश्चिम भागात तीसेक तासांत 14 इंचांवर पाऊस झाला, काही किलोमीटर पूर्वेला जेमतेम दोन इंच. पुराने अनेकांना गाफील गाठले आणि पाच माणसे दगावली. त्यानंतर 1998 मध्ये तिथल्या हवामानतज्ज्ञांनी घरोघरच्या स्वयंसेवकांचे जाळे उभे केले. सगळ्यांचा मापक एकसारखा आणि वाचनाची वेळ ठरलेली, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवल्यामुळे सरकारी हवामान सेवा आज ते आकडे वापरते.

शाळांसाठी म्हणून आखलेला सर्वांत मोठा कार्यक्रम म्हणजे ‘ग्लोब’. त्याची घोषणा 22 एप्रिल 1994 रोजी झाली, पुढच्या वर्षी काम सुरू झाले आणि भारत त्यात 2000 साली सामील झाला. पाऊस, कमाल-किमान तापमान, पावसाच्या पाण्याचा सामू (आम्लता दाखवणारा pH अंक), या सगळ्यांच्या तपशीलवार पद्धती त्याने लिहून काढल्या. आजही कोणा शिक्षकाला सुरुवात करायची असेल तर त्या वाचण्यासारख्या आहेत. पण प्रशिक्षण घेतलेल्या शाळांपैकी वर्षानुवर्षे नियमित आकडे पाठवणाऱ्या शाळा थोड्याच निघाल्या, हे त्या कार्यक्रमाच्या मूल्यमापनांतही दिसले. आपल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेने 2014 आणि 2015 या वर्षांसाठी ‘हवामान आणि जलवायू समजून घेणे’ हाच मुख्य विषय ठेवला होता. देशभर मुलांनी बाटल्यांचे मापक केले, तक्ते भरले, प्रकल्प सादर केले. पुढे विषय बदलला आणि बहुतेक ठिकाणी मापकही गेले. याउलट, आंध्रात 2003 पासून काही वर्षे चाललेल्या भूजल प्रकल्पात शेतकरी स्वतः रोजचा पाऊस आणि विहिरींची पातळी लिहीत आणि त्यावरून रब्बीत काय पेरायचे ते ठरवत. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात पावसाच्या नोंदीवरून पाण्याचा ताळेबंद गावसभेपुढे मांडला जातो. केरळात वायनाडच्या ह्यूम सेंटरने दोनशेच्या आसपास साधे मापक शेतकऱ्यांच्या आणि मळेवाल्यांच्या अंगणात ठेवले आहेत. पुत्तुमलाच्या मापकातला आकडा पाहून या केंद्राने 29 जुलै 2024 च्या सकाळी जिल्हा प्रशासनाला सावध केले होते. त्याच रात्री, 30 च्या पहाटे, मुंडक्कै आणि चूरलमला दरडीखाली गेली. ही सारी उदाहरणे शेजारी ठेवली की एक गोष्ट दिसते. नोंद कोणत्या तरी निर्णयाला जोडलेली होती तिथे ती टिकली. ती प्रदर्शनाला जोडलेली होती तिथे प्रदर्शनाबरोबर संपली. मुले असोत की मोठी माणसे, याने फरक पडलेला नाही.

आता प्रत्यक्ष मापाकडे. पावसाचे गणित सोपे आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. नरसाळ्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ 100 चौरस सेंटिमीटर असेल तर 10 मिलिलिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. दवाखान्यात मिळणारी मोठी सिरिंज किंवा प्रयोगशाळेतली मोजनळी असली की एक दशांश मिलिमीटरपर्यंत वाचता येते आणि एवढी बारकाई सरकारी मापकातही असते. पाठ्यपुस्तकातला दोन लिटरच्या बाटलीचा मापक मात्र जोयड्यात जसाच्या तसा चालणार नाही. 100 चौरस सेंटिमीटरच्या तोंडाला 200 मिलिमीटर पाऊस म्हणजे पूर्ण दोन लिटर, आणि वरचा भाग कापून उलटा बसवलेल्या बाटलीत त्याच्याही बरेच आधी पाणी काठाला येते. हवामान खाते 204.5 मिलिमीटरपासून पुढच्या पावसाला ‘अत्यंत मुसळधार’ म्हणते आणि घाटाच्या धारेवर असे दिवस अपवादाचे नाहीत. ज्या दिवसाचा आकडा सर्वांत मोलाचा त्याच दिवशी बाटली ओसंडून वाहिली तर वर्षभराच्या मेहनतीवर पाणी पडते. म्हणून पाच लिटरचा डबा, त्यात घट्ट बसणारे नरसाळे, डब्याला आधार म्हणून दगड, तोंडाची कड जमिनीपासून साधारण 30 सेंटिमीटर वर, आणि झाड किंवा इमारत आपल्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर, इतके कटाक्षाने पाळावे. जंगलातल्या वाडीत एवढी मोकळी जागा बहुधा शाळेच्या मैदानातच असते. शाळा यासाठी योग्य असण्याचे ते एक अगदी साधे कारण आहे.

तुलनेच्या घाईत जी पायरी हमखास गाळली जाते ती सायमन्स यांचीच आहे. कुंभारवाड्याच्या शाळेत 88 मिलिमीटर आणि जगलबेटच्या शाळेत 71 मिलिमीटर लिहिले गेले, तर 17 मिलिमीटरचा फरक पावसाचा की मापकाचा? एकाच अंगणात, पाच-सहा मीटर अंतरावर, हुबेहूब तीन मापक महिनाभर ठेवल्याशिवाय याचे उत्तर देता येत नाही. त्या तिघांत रोज दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडत असेल तर दोन गावांतला 17 चा फरक खरा मानता येईल. तिघांतच पंधराचा फरक पडत असेल तर काहीच म्हणता येणार नाही. मोजमापाला स्वतःचा किती दोष असतो हे आधी शोधायचे आणि मग तुलना करायची, हा धडा कोणत्याही विज्ञानशाखेत पुढे कामाला येतो. शाळेच्या वयात तो हाताने शिकण्याची अशी संधी दुसऱ्या विषयात क्वचितच मिळते. जिथे पंचायतीचा दूरसंवेदी मापक जवळ आहे तिथे चौथी तुलना त्याच्याशी करावी, पण वेळ जुळवून. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. 15 तारखेच्या सकाळी वाचलेला आकडा 14 च्या साडेआठपासूनच्या चोवीस तासांचा असतो आणि तो 15 तारखेच्या नावाने लिहितात. शाळा दहाला भरते म्हणून दहाला वाचले, तर मधल्या दीड तासात पडलेली सर एका वहीत काल आणि दुसऱ्या वहीत आज मोजली जाते.

यानंतर येतो तो सुट्टीचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्या विषयाचा कणा तोच आहे. लाल इशारा आला की जिल्हाधिकारी शाळांना सुट्टी देतात, आणि ते योग्यच आहे. ओढे ओलांडून येणाऱ्या मुलांच्या जिवापुढे कोणताही आकडा मोठा नाही. पण परिणाम असा की सर्वांत मोठ्या पावसाच्या दिवशी शाळेचा मापक वाचायला कोणी नसते. उन्हाळी सुट्टीत एप्रिल-मेचा वळीव निसटतो, दसऱ्याच्या सुट्टीत परतीचा पाऊस. जी नोंद चुकते ती अशी ठरावीक बाजूनेच चुकत असेल तर तिची सरासरी खोटी असते, मग वहीत कितीही पाने भरलेली असोत. यावर दोन उपाय आहेत. शाळेच्या अगदी लगत राहणाऱ्या घरी मापक ठेवून, त्याच घरातल्या मुलाने किंवा आजोबांनी तो वाचावा. आणि एक दिवस राहिलाच तर दुसऱ्या दिवशी मिळालेले पाणी ‘दोन दिवसांचे मिळून’ असे लिहावे. रिकाम्या चौकोनात शून्य कधीही भरू नये. पाऊस न पडणे आणि न मोजणे या दोन गोष्टी वहीत सारख्या दिसल्या की पुढे कोणालाही त्या वेगळ्या करता येत नाहीत. मुलांच्या नोंदींवर घेतला जाणारा ‘मुले चुका करतात’ हा आक्षेप मला म्हणूनच अर्धाच पटतो. एक मुलगा 34 ऐवजी 43 लिहील. शेजारच्या दोन मापकांपुढे ती चूक उघडी पडते. सोयीने भरलेले शून्य मात्र पकडता येत नाही, आणि तो दोष मुलांचा नसून तक्ता पूर्ण दिसलाच पाहिजे असा आग्रह धरणाऱ्या मोठ्यांचा आहे.

तापमानाबद्दल थोडक्यात सांगता येईल, कारण ते पावसाइतके गावोगाव बदलत नाही आणि बदलते तेव्हा पुष्कळदा दोष जागेचा असतो. उन्हात टांगलेला तापमापी हवेचे तापमान दाखवत नाही, स्वतः किती तापला ते दाखवतो. थॉमस स्टीव्हन्सन यांनी 1864 मध्ये सुचवलेली पांढरी झडपांची पेटी याच अडचणीवरचा उपाय होती. जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंच, दार उत्तरेकडे, आत वारा खेळता. सुताराकडून ती गावातच करून घेता येते. अशी पेटी नसेल तर गावांची तुलना करूच नये. जांभ्याच्या उघड्या अंगणातली शाळा आणि सावलीतली शाळा यांतला फरक हवामानाच्या खात्यावर जमा होईल. पेटी असेल तर हिवाळ्यातले किमान तापमान हा पाहण्याजोगा विषय आहे. निरभ्र रात्री थंड हवा उतारावरून दरीत साचते आणि खोलगट जागेतली वाडी वरच्या वाडीपेक्षा अधिक गारठते. आंबा-काजूच्या मोहोराची वेळ या थंडीशी बांधलेली असल्याने हे आकडे शेतकऱ्यालाही हवे असतात.

आम्लतेचे प्रकरण अवघड आहे. आम्लवर्षा हा शब्दप्रयोग रॉबर्ट अँगस स्मिथ यांच्या 1872 च्या पुस्तकापासून चालत आला आणि शाळेत तो एका रेषेसह शिकवला जातो: हवेतला कर्बवायू विरघळल्यामुळे शुद्ध पावसाचा सामू 5.6, त्याच्या खाली गेला की प्रदूषण. ही रेषा जोयड्यात दिशाभूल करील. दाट जंगलातून आणि कुजणाऱ्या पाल्यातून फॉर्मिक, असेटिक अशी सेंद्रिय आम्ले हवेत जातात आणि ती पावसाला 5 च्या आसपासही आणू शकतात. चार्लसन आणि रोढे यांनी 1982 मध्येच दाखवले की माणसाचा हात नसलेल्या पावसाचाही सामू बराच खाली असू शकतो. याउलट, भारताच्या कोरड्या भागांत मातीची चुनखडीयुक्त धूळ आम्ल मारून टाकते, म्हणून गंधकाचा धूर असूनही कित्येक ठिकाणी पाऊस आम्ल दिसत नसे. हवामान खात्याने सत्तरच्या दशकात पुणे, नागपूर, विशाखापट्टणम, कोडाइकनाल, मिनिकॉय अशा दहा ठिकाणी पावसाचे नमुने घ्यायला सुरुवात केली. पुढच्या दशकांत त्यातल्या काही ठिकाणी, नागपुरातही, सामू खाली सरकताना दिसला. हे निष्कर्ष काढायला तीस-चाळीस वर्षांचे नमुने आणि त्यातल्या प्रत्येक आयनाचे विश्लेषण लागले. एका रंगीत कागदाच्या पट्टीवर जोयड्याच्या हवेचा निवाडा करता येणार नाही. दांडेलीत 1955 साली स्थापन झालेला कागद कारखाना आहे, म्हणून त्याच्याकडे बोट दाखवण्याचा मोह होईल. पण जून ते सप्टेंबर वारा नैर्ऋत्येकडून वाहतो आणि त्या हंगामात जोयड्यावर येणारी हवा अरबी समुद्रावरून, गोव्यावरून आलेली असते. दांडेली त्या वाऱ्याच्या वाटेत जोयड्याच्या पुढे आहे, मागे नाही.

मोजण्याची अडचण आणखी वेगळी. पावसाच्या पाण्यात क्षार इतके कमी असतात की सामूमापक यंत्राचा काटा स्थिर होत नाही. म्हणूनच ‘ग्लोब’च्या पद्धतीत नमुन्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगितले आहे. कागदी पट्टीचा रंग अशा पाण्यात अतिशय हळू बदलतो आणि अर्ध्या अंकापेक्षा बारीक फरक ती दाखवत नाही. पर्जन्यमापकात रात्रभर साचलेले पाणी तर घेऊच नये. एक पान, पक्ष्याची थोडी विष्ठा, साबणाचा अंश एवढ्याने सामू बदलतो, आणि सेंद्रिय आम्ले जिवाणू एक-दोन दिवसांत खाऊन टाकतात. सरासरीतही फसगत आहे. सामू 5 आणि सामू 6 यांची सरासरी साडेपाच नव्हे. एका अंकाचा फरक म्हणजे दहापट असल्याने सारखे पाणी मिसळले तर सामू सुमारे 5.3 येतो. इतके सांगून पावसाची आम्लता मोजूच नका असे मी म्हणणार नाही. एक तुलना शाळेच्या आवाक्यातली आहे: त्याच ठिकाणी, त्याच पद्धतीने, मे महिन्यातला पहिला वळीव आणि जुलैतल्या झडीचा पाऊस. पहिली सर हवेतली धूळ-धूर धुऊन आणते, झडीत हवा आधीच धुतलेली असते. या दोहोंत फरक दिसतो का, एवढाच प्रश्न ठेवला तर उत्तर प्रामाणिक येईल.

आम्लतेचा खरा उपयोग हवा असेल तर मातीकडे वळावे. हजारो वर्षे मुसळधार पावसाने चुना, मॅग्नेशियम, पोटॅश धुऊन नेल्यामुळे सह्याद्रीच्या माथ्यावरच्या जांभ्या मातीला आम्लता आली आहे. म्हणजे पाऊस आणि आम्लता यांचे नाते जोयड्यात आकाशापेक्षा जमिनीत अधिक ठळकपणे लिहिलेले आहे. मातीत फरक मोठे असतात, पट्टीनेही दिसतात आणि शेतकऱ्याला त्यांचा अर्थ लागतो. कॅसलरॉककडून रामनगरमार्गे हल्याळच्या दिशेने, जसजसा पाऊस कमी होतो, तसतशी मातीची आम्लता कमी होते का? रानातली माती, कुणब्यांच्या कंदांच्या परसातली माती, सुपारीच्या बागेतली माती आणि भाताचे खाचर यांत काय फरक? खाचराचे उत्तर मुलांना चकित करील, कारण पाणी तुंबलेल्या मातीत प्राणवायू संपतो, लोहाची संयुगे बदलतात आणि काही आठवड्यांत आम्ल मातीचा सामू उदासीन बिंदूच्या जवळ येतो. तेच शेत मे महिन्यात एक आकडा देते आणि ऑगस्टमध्ये दुसरा. केंद्र सरकारच्या 2015 पासूनच्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू हा एक ठरावीक रकाना आहे. कोरडवाहू भागात दहा हेक्टरांच्या चौकटीला एक नमुना घेतात. डोंगरउतारावरच्या वाडीत दहा हेक्टरांत चार प्रकारची माती निघते. ती पत्रिका आणि मुलांचा तक्ता शेजारी ठेवून वाचता येतील.

आकडा उपयोगाचा झाला की त्याच्याभोवती हितसंबंध येतात, हा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. सुपारी आणि मिरीचा हवामानाधारित पीकविमा पंचायतीच्या मापकावरच्या पावसावर ठरतो. ते यंत्र बंद राहिले किंवा कमी वाचले तर शेतकऱ्याचा थेट तोटा, आणि अशा वेळी शाळेची वही पुरावा म्हणून मागितली जाणार. ती दाखवावी, पण भरपाईचा निकष म्हणून मान्य करून घेण्याचा हट्ट धरू नये. ज्या डब्यातल्या पाण्यावर गावाचे पैसे ठरतात, त्यावर गावाचा डोळा राहील आणि दहा-बारा वर्षांच्या पोरावर ते ओझे टाकणे अन्याय्य आहे. वहीचे काम ‘यंत्र तपासा’ असे साधार म्हणता येण्यापुरते असावे. मुलांकडून फुकट काम करून घेतले जाते, या तक्रारीलाही उत्तर आहे: आकडे जिल्ह्याला पाठवण्याआधी गावाला मिळाले पाहिजेत. महिन्याचा पाऊस शाळेच्या फळ्यावर लिहावा आणि शेजारी नक्षत्रवार बेरीजही द्यावी. मृग किती, आर्द्रा किती, तरणा किती, म्हातारा किती, असे लिहिलेले असले की घरातली जुनी माणसे ते वाचतात, आपल्या अनुभवाशी ताडून पाहतात आणि चुकले असेल तर सांगतातही.

राहिला प्रश्न टिकण्याचा. हवामानाची सरासरी काढायला तीस वर्षे धरतात. शाळेत मूल सात-आठ वर्षे असते आणि शिक्षकाची बदली त्याआधी होते. जुने सुपा गाव धरणाखाली गेले आणि तालुक्याचे मुख्यालय जोयड्याला आले, तेव्हापासून सुप्याच्या नावाच्या जुन्या नोंदी आणि जोयड्याच्या नव्या नोंदी सलग एक मालिका म्हणून वाचता येत नाहीत. जागा हलली की मालिका तुटते. लहान शाळांच्या बाबतीत तोच धोका आहे, कारण पटसंख्या घटली की शाळाच दुसरीकडे जोडली जाते. म्हणून मापकाची नेमकी जागा, तिचा नकाशा, तोंडाचे क्षेत्रफळ, वाचनाची वेळ आणि वाचणाऱ्याचे घर ही माहिती वहीच्या पहिल्या पानावर असावी, आणि वहीची एक प्रत दरवर्षी मार्चअखेर ग्रामपंचायतीत जमा व्हावी. शाळा कन्नड माध्यमाची असो की मराठी, वहीतले रकाने सारखे ठेवावेत. तालुक्यात दहा-बारा शाळांनी एवढे केले तरी पुरे, पण त्या धारेपासून हल्याळच्या हद्दीपर्यंत एका रांगेत निवडलेल्या असाव्यात: कॅसलरॉक, डिग्गीकडची एखादी वाडी, कुंभारवाडा, अणशी, उळवी, जोयडा, गणेशगुडी, जगलबेट, रामनगर. पहिल्या पावसाळ्यात त्यांनी एकमेकींशी तुलना करूच नये. प्रत्येकीने आपल्याच अंगणातले तीन डबे ताडून पाहावेत आणि सप्टेंबरअखेर त्यांतला फरक किती आला ते एकमेकींना कळवावे.